तिसरं पाणी

मी उंदरांचा माणूस.
कॅमेरूनच्या डोंगराळ पश्चिमेला, चांग गावात,
विद्यापीठाच्या मागल्या अंगाला माझी खोली.
भुसा बदलतो, बाटल्या भरतो,
शेपट्यांवर जांभळ्या शाईचे पट्टे ओढतो:
एक पट्टा, दोन पट्टे, बिनपट्ट्याचे.
नावं ठेवायची नाहीत,
हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

मार्चमध्ये झेबाझे बाईंनी साल आणली
मेटांग्मो म्हातारीच्या पाटीवरून,
जुन्या वर्तमानपत्रात बांधलेली.
वाळवली, कुटली, मेथॅनॉलमध्ये मुरवली.
बशीत जंतूंचं दुधट गवत दाटलं
आणि सालीच्या थेंबाभोवती
एक स्वच्छ गोल.
बावीस मिलिमीटर.
बाईंनी तीनदा मोजला,
मग मला हाक मारून मोजायला लावला.
खाली इस्पितळात ह्याच जंतूपुढे
तीन महागड्या औषधांची मात्रा चालत नव्हती.
त्या रात्री वीज गेली, तेव्हा बाई
जनरेटरशेजारी खुर्ची टाकून बसल्या,
तान्ह्या बाळाच्या तापापाशी बसावं तशा.

मग माझी पाळी.
बारीक नळीनं, घशात.
दुसऱ्या दिवशी केस पिंजारलेले.
तिसऱ्या दिवशी दोन पट्ट्यांचे सगळे
एका कोपऱ्यात, एकमेकांवर,
आणि भुसा गार.
यकृत बघितलं मी:
उकडलेल्या रताळ्याच्या रंगाचं.
रोगापेक्षा इलाज भयंकर, आपण सहज बोलून जातो.
तराजूवर ठेवलं की
ते ग्रॅममध्ये भरतं.

सारा खेळ मात्रेचा.
अक्षरावरच्या तिरक्या रेघेसारखी ती:
जागेवर असली तर वेळ,
पुसली गेली तर वळ.

बाई तणतणत बाजारात गेल्या,
मी मागे, रिकामी पिशवी धरून.
म्हातारी तारोचे कंद सोलत होती.
सुरी न थांबवता म्हणाली,
पहिलं पाणी पाजलंत?
अगं, पहिलं पाणी फेकायचं असतं.
दुसरं जखम धुवायला.
तिसरं प्यायचं, तेही मोठ्या माणसानं,
पोटुशीनं तर वाफसुद्धा घ्यायची नाही.
तुम्ही विचारलंत कुठं?
झाडाचं नाव विचारलंत.
भाव विचारलात.
भाव तर दोनदा विचारलात.

घरामागे घेऊन गेली.
लाल मातीत, जिथं ती पहिलं पाणी ओतते,
हिरव्या गवतात एक गोल.
मुंगी नाही, तण नाही,
शेवाळाचा ठिपका नाही.
सवयीनं मी खिशातली पट्टी काढली
आणि वाकलो,
पट्टी पुरेना.

बाईंचा आवाज उतरला होता.
कितवं पाणी, हे कळलं कसं तुम्हाला?
म्हातारी बराच वेळ कंदाची साल बघत राहिली.
मग अंगठा बोटांच्या पेरांवर टेकवत गेली:
तेनेकू.
तेनेकूची थोरली.
आणि एक, त्याचं नाव ठेवायचं राहिलं होतं.
माझ्या सासूच्या वेळची गोष्ट, म्हणाली.
त्याच्या आधीचे मला ठाऊक नाहीत.
असतीलच.

परतताना बाईंनी तारो विकत घेतले.
भाव केला नाही.

आता आम्ही तिसरं पाणी तपासतो.
गोल अकरा मिलिमीटर, तोही कडेला धुरकट.
अकराकडे कुणी वळून बघणार नाही, बाई म्हणतात,
आणि पुढची बशी लावतात.
उंदीर खातात. दोन पट्टेवाल्यांतला एक
माझं बोट चावतो, जोरात, चांगलं रक्त येईपर्यंत.
मी तेही लिहून ठेवलं, भूक ह्या सदरात.

तक्त्यात रकाने आहेत:
मात्रा, दिवस, मेलेले, उरलेले.
आमच्या आधीचे, असा रकाना नाही.
मी समासात पेन्सिलीनं तीन आडव्या रेघा ओढल्या.
बाईंनी पाहिल्या,
काही बोलल्या नाहीत,
वजनकाटा शून्यावर आणायला सांगितला.